बर्गनचे वाफे आणि गुरुवारची लोकर

चिपळूणच्या मावशीचा एक प्रश्न ठरलेला असतो. "अगं, एवढ्या थंडीच्या देशात राहतेस, तिकडे तयार स्वेटर मिळत नाहीत का?" मिळतात की. एका स्वेटरला जेवढी चांगली लोकर लागते, तेवढ्या पैशांत दुकानात दोन तयार स्वेटर येतात. बागेचंही तेच. माती, खत, रोपं, लाकडी चौकटी असा सगळा खर्च धरला तर माझ्या घरचा मुळा हा बर्गनमधला सर्वांत महाग मुळा असणार. हिशेबाच्या वहीत हे दोन्ही छंद बुडीत खात्यात जातात. नवऱ्याने एकदा तशी वही खरंच मांडायला घेतली होती. ती मी काढून घेतली.

बर्गन हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, सात डोंगरांच्या मधलं, आणि पावसाबद्दल बदनाम. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आम्हा कोकणातल्यांना या आकड्याचं काय कौतुक? पण आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि जातो, घराला वाळायला वेळ देतो. इथला बाराही महिने येऊन-जाऊन असतो. पावसापेक्षा अवघड जातो तो उजेड. डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतोही. जूनमध्ये उलटा प्रकार, रात्री अकरा वाजता पडदे ओढून झोपायचं. त्यामुळे इथल्या माणसांच्या हातांचं वेळापत्रक आपोआप ठरतं. एप्रिलच्या मध्यापासून हात मातीत, ऑक्टोबरपासून लोकरीत.

आमचा गट जमला तोही मातीतच. इथल्या गृहसंस्थांमध्ये वसंत ऋतूत एक दिवस 'दुग्नाद' असतो, म्हणजे आपलं श्रमदान. सगळ्यांनी मिळून आवार झाडायचं, कुंपण रंगवायचं, आणि शेवटी उभ्याउभ्या सॉसेज खायचं. त्या दिवशी इमारतीमागच्या पट्ट्यावर वाफे करायचं ठरलं. वाफे म्हणजे मालवाहू पॅलेटवर लावतात त्या लाकडी चौकटी, ८० बाय १२० सेंटिमीटरच्या. एकावर एक दोन ठेवून आत माती भरली की झालं. कमरेचं दुखणं असलेल्यांना सोयीचं आणि मोजमापाचं भांडण नाही. माझ्या डावीकडची चौकट शेजारच्या आजींची, उजवीकडची पोलंडहून आलेल्या नर्सची, पलीकडची प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या इराणी मैत्रिणीची. आजी सत्तरीपुढच्या, निवृत्त शिक्षिका. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पंतप्रधानांनासुद्धा. माझी जीभ काही त्यांच्या बाबतीत वळत नाही, म्हणून तोंडावर नाव घेते आणि मनात आजीच म्हणते.

पहिल्या उन्हाळ्यात आमचं बोलणं फक्त गोगलगायींविषयी होतं. पाठीवर शंख वगैरे नाही, नुसत्या तपकिरी, बोटभर लांब. ही जात नॉर्वेत पहिल्यांदा १९८८ साली नोंदली गेली आणि आता किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे पसरली आहे. पाऊस थांबला, संध्याकाळ झाली, की त्या निघतात आणि सकाळपर्यंत कोबीच्या रोपाचा देठ तेवढा शिल्लक ठेवतात. मग रात्री दहाच्या उन्हात चार बायका बादली आणि कात्री घेऊन वाफ्यांभोवती फिरतायत, असं दृश्य. कात्री कशासाठी, ते आमच्या शाकाहारी वाचकांनी विचारू नये. मी बादलीवालीच.

ऑक्टोबरात वाफे झाकले गेले आणि आता भेटायचं कुठे, हा प्रश्न आला. आपल्याकडे "सहज आले होते" म्हणून कुणाच्याही घरी जाता येतं. इथे सहज कुणी जात नाही. काहीतरी निमित्त लागतं, आणि ते आधी कळवावं लागतं. आजींनी ते निमित्त दिलं: दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे विणायला बसायचं. मला विणता येत होतं, पण चिपळूणपुरतं. आमच्याकडे लोकर लागायची ती बाळाच्या टोपड्याला, आजोबांच्या कानटोपीला आणि रुखवतातल्या तोरणाला. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालायची वेळ तिथे येणार कधी?

इथे मात्र लोकर हा गंभीर विषय आहे. विद्यार्थी वर्गात व्याख्यान ऐकता ऐकता विणतात आणि प्राध्यापकांना त्यात काही वावगं वाटत नाही. काही चित्रपटगृहांत विणणाऱ्यांसाठी वेगळा खेळ असतो, दिवे पूर्ण न मालवता. १ नोव्हेंबर २०१३ रोजी तर इथल्या सरकारी दूरचित्रवाणीने रात्रभर विणकामच दाखवलं. मेंढीच्या अंगावरची लोकर कातरण्यापासून स्वेटर पूर्ण होईपर्यंत, सगळं थेट प्रक्षेपण. ऑस्ट्रेलियाचा ४ तास ५१ मिनिटांचा विक्रम मोडायचा होता. मोडला नाही, आठ तासांच्या वर लागले. आजी म्हणतात, बरं झालं, घाईने विणलेला स्वेटर काखेत काचतो.

आजींच्या बैठकीत विणण्याबरोबर इतिहासाचा तासही असतो, शिक्षिकेची सवय जात नाही. त्यांनी मला पहिल्यांदा दिले ते सेल्बू गावच्या नक्षीचे हातमोजे. १८५७ साली तिथल्या मारित एम्स्टाड नावाच्या तरुण मुलीने काळ्या-पांढऱ्या दोन रंगांत नक्षीचे हातमोजे विणले, ते घालून ती चर्चमध्ये गेली आणि गावभर ती नक्षी पसरली, असं सांगतात. आठ पाकळ्यांचं फूल, चौकटीच्या कागदावर भरलेलं. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या हाताला तो कागद वाचायला शिकवावं लागत नाही. माझी मान उगाच ताठ झाली. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती लाल टोपीची. जर्मनांच्या ताब्यात देश असताना लोक लाल विणलेल्या टोप्या घालून निमूट निषेध करायचे. शेवटी २६ फेब्रुवारी १९४२ पासून त्या टोप्यांवर बंदी आली. टोपीला घाबरलेलं सरकार, हे सांगताना आजींच्या सुया जरा जोरात वाजतात.

पण मला खरा धक्का बसला तो कात्रीने. नॉर्वेतला समोरून उघडणारा स्वेटर आधी सलग नळीसारखा विणतात, गोल सुईवर, गळ्यापर्यंत बंद. कारण गोल विणलं की सगळे टाके सुलटच येतात आणि नक्षी कायम डोळ्यांसमोर राहते. दोन रंगांत उलट टाके घालणं म्हणजे डोकेदुखी. मग मधोमध, राखून ठेवलेल्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी शिवणयंत्रावर बारीक टीप मारतात आणि मधून सरळ कात्री चालवतात. बाह्यांची भोकंही तशीच कापायची. पोलिश मैत्रिणीने तीन महिने विणलेला स्वेटर टेबलावर पसरला आणि आजींनी तिच्या हातात कात्री दिली, तेव्हा मी अक्षरशः "अहो!" म्हणून मराठीत ओरडले. आपल्याकडे एक टाका गळला तरी आई सगळं काम थांबवून क्रोशाची सुई शोधायची. इथे बाई स्वेटर उभा चिरतेय आणि बाकीच्या कॉफी पितायत. एकही टाका उसवला नाही. इथली लोकर थोडी खरखरीत असते, तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. मऊ, गुळगुळीत धाग्यावर हा प्रयोग करू नका. बाळाच्या ॲक्रिलिकवर तर नकोच नको.

हिवाळाभर लोकरीत बसलेल्या आम्ही वसंतात पुन्हा बाहेर पडलो, तेव्हा दोन्ही कामं एकमेकांत मिसळायला लागली. याचं श्रेय आमच्या इराणी मैत्रिणीला. रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे तिला बागेत भाजीआधी रंग दिसतो. बर्च हे आपल्या भूर्जपत्राच्या कुळातलं झाड, आमच्या आवारात ढिगाने आहेत. जूनमधली कोवळी पानं लोकरीच्या वजनाइतकी किंवा दुप्पट घ्यायची, उकळून पाणी गाळायचं आणि त्यात ओली लोकर सोडायची. लख्ख पिवळा रंग येतो. पण आधी लोकरीला तुरटीच्या पाण्यात शिजवायचं, म्हणजे रंग धरतो. तुरटी! मी उठून घरात गेले आणि आईने दाढीच्या सामानात नवऱ्यासाठी दिलेला खडा घेऊन आले. तेवढ्या एका गोष्टीने माझी गटातली पत वाढली, अजून टिकून आहे. शंभर ग्रॅम लोकरीला दहा-पंधरा ग्रॅम तुरटी पुरते.

रंगाचं पाणी उकळी फुटू न देता नुसतं वाफाळत ठेवायचं, आणि लोकर गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकायची नाही. टाकली तर ती आटते आणि तिचा नमदा होतो. कांद्याच्या सालींनी नारिंगी-तांबूस छटा येते, म्हणून चौघींच्या घरी आता सालींच्या पिशव्या टांगलेल्या असतात. बर्चच्या पिवळ्या पाण्यात लोखंड आलं की रंग शेवाळी हिरवा होतो. त्यासाठी मी माझी लोखंडी कढई दिली आणि नंतर ती स्वयंपाकात परत घेतली नाही. रंगाची भांडी वेगळीच ठेवावीत. हळदीचा आग्रह मी स्वतःच मोडून काढला. तिचा रंग पहिल्या दिवशी दिपवतो आणि उन्हाच्या खिडकीत ठेवला की उडून जातो, हे हळदीच्या साडीवरून मला ठाऊक होतं.

लोकर उलट दिशेनेही जाते. इथे मेंढ्या बहुधा वर्षातून दोनदा कातरतात, आणि वसंतातली बरीच लोकर गुंतलेली, शेणामातीने माखलेली असते. तिला फारशी किंमत येत नाही. ओळखीतला एक मेंढपाळ ती पोत्याने देतो. ती वाफ्यात रोपांभोवती अंथरायची. ओल धरून ठेवते, तण दाबते, आणि कुजताना तिच्यातलं नत्र हळूहळू मातीत उतरतं. गोगलगायी तिच्यावरून जात नाहीत असं सगळेच छातीठोकपणे सांगतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लोकरीच्या गोळ्या, अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी असले घरगुती अडथळे सॅलडच्या रोपांभोवती लावून पाहिले, तर काही लावलेली आणि न लावलेली रोपं गोगलगायींनी सारखीच खाल्ली. माझ्या वाफ्यातल्या गोगलगायींचं मत सोसायटीच्या बाजूने आहे. आजींना मी हे सांगितलेलं नाही.

आता भाजीचं विचाराल. कोथिंबीर आणि पालक यांना इथला लांबलचक दिवस सोसत नाही, हातभर व्हायच्या आत तुरे काढून मोकळे. मेथी मात्र निमूट येते, महिनाभरात जुडी. केल नावाची कुरळ्या पानांची कोबीची जात थंडी पडल्यावर गोड होते, ती मी डाळीत घालते. आणि रुबार्ब! जांभळट-लाल देठ, अंगात आंबटपणा मुरलेला. सगळ्यांकडे इतका येतो की लोक पिशव्या भरून दारात ठेवतात. मी त्याचा गूळ घालून मेथांबा करते. पानं विषारी, ती खायची नाहीत. ती रंगाच्या भांड्यात जातात. मुळांपासून पिवळा-नारिंगी रंग निघतो. पण मूळ खणायचं म्हणजे झाड जातं, म्हणून कुणाच्या वाफ्यातला रुबार्ब खणायचा यावर आमच्यात दोन वर्षं वाद चालू आहे.

खाण्याच्या बाबतीत आमचा एकच नियम आहे, आधी खायचं, हात धुवायचे, मग सुया. पहिल्या गुरुवारी मी उत्साहाने चिवडा नेला होता, तेव्हापासून हा नियम आहे. आता आजींचे हृदयाच्या आकाराचे वॅफल्स असतात, त्यावर तपकिरी चीज, आणि माझा मेथांबा. हे तीन एकत्र चांगलं लागतं, हसू नका.

सध्या चौघींच्याही सुयांवर एकच काम आहे. आजींच्या नातीला जानेवारीत बाळ होणार. इथे बाळ दवाखान्यातून घरी येताना घालायचे कपडे घरच्यांनी हाताने विणलेले असतात, स्वेटर, चड्डी, टोपी आणि पांघरूण. म्हणजे आपला बाळंतविडाच, फक्त डिंकाचे लाडू नाहीत. लाडवांचं मी पाहते आहे. स्वेटर आजींचा, चड्डी पोलंडची, पांघरूण इराणचं, आणि टोपी माझ्याकडे आली. हनुवटीखाली बांधायचे बंद असलेलं टोपडं इथेही घालतात, घाट थेट आपलाच. मला आईचं टोपडं आठवत होतं, पण मागचा गोल कसा वळवायचा ते नव्हतं आठवत, म्हणून गुरुवारी भर बैठकीतून तिला व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, आई चष्मा लावून तयार बसली होती. तिला नॉर्वेजियन येत नाही, आजींना मराठी येत नाही, आणि माझ्या दुभाषीपणाची दोघींनाही गरज पडली नाही. आई सुया कॅमेऱ्यासमोर धरायची, आजी मान डोलवायच्या, मग आपल्या सुया वर करायच्या. आई धागा उजव्या हातात धरते आणि आजी डाव्या, तेवढ्यावरून मात्र दोघींनी बराच वेळ एकमेकींकडे संशयाने पाहिलं. टोपड्याचा गोल झाला. मग आईने आजींच्या हातातला स्वेटर जवळ आणायला सांगितला, निरखून पाहिला आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, मागचे धागे फार ओढलेत. बाळाच्या खांद्यावर चुण्या पडतील."

हे भाषांतर करायचं की नाही, या विचारात मी असतानाच आजींनी स्वेटर उलटा केला, मागची बाजू उजेडात धरली, आणि काही न बोलता चार ओळी उसवल्या.