फ्रिजची पाठ

गेल्या मार्चमध्ये आमचा जुना, एका दाराचा फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, तेव्हा त्याच्या मागे चहाचे एक हरवलेले गाळणे, दारावरून कधीतरी निसटलेली दोन चुंबके आणि काळ्या जाळीवर साचलेला धुळीचा तेलकट थर सापडला. हा फ्रिज बारा वर्षे त्याच कोपऱ्यात उभा होता. त्याचे दार मी दर आठवड्याला पुसत आले होते. पाठ मात्र आणल्या दिवसानंतर पाहिलीच नव्हती. जुना काढून नवा बसवण्याच्या त्या दोन-तीन दिवसांत जे कळले, त्यातले जवळजवळ सगळे त्या न पाहिलेल्या बाजूचे होते.

फ्रिज थंडी निर्माण करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकण्याची जागा म्हणजे मागची ती काळी जाळी. फोडणीची वाफ आणि धूळ यांचे पांघरूण तिच्यावर चढले की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, अधिक तापतो, आणि विजेचे बिल हळूहळू वाढत जाते. प्लग काढून ठेवून मऊ ब्रशने ती जाळी झाडायला मला वीस मिनिटे लागली. बारा वर्षांत वीस मिनिटे मिळाली नाहीत, असे म्हणण्याची सोय नव्हती.

जाळीपेक्षा गंभीर गोष्ट निघाली ती सॉकेटमध्ये. ओल्या हाताने, अनवाणी उभे राहून दार उघडले की बोटांना झिणझिण्या येतात, असे आई कित्येक दिवस सांगत होती आणि आम्ही तिला "पायात चप्पल घाल" एवढेच उत्तर देत होतो. नवा फ्रिज येण्याआधी बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब काढला. एक टोक फेजमध्ये आणि दुसरे न्यूट्रलमध्ये घातल्यावर बल्ब लागला. दुसरे टोक न्यूट्रलमधून काढून वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगमध्ये घातले, तेव्हा तो विझलेलाच राहिला. त्याने बोर्ड उघडला. हिरवी वायर मध्येच कापून, तिला चिकटपट्टी गुंडाळून आत दडपलेली होती. "ताई, भोक तीन आहेत, पण तिसऱ्याच्या मागे काहीच नाही," तो म्हणाला. फ्रिजच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जायला वाटच नव्हती, आणि जी वाट मिळत होती ती आईच्या शरीरातून जात होती. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन सर्वांत लांब असते, ती प्लग घालताना सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पण मागची वायरच कापलेली असल्यावर त्या लांबीचा काय उपयोग? त्याच दिवशी अर्थिंग जोडून घेतले आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवले. आईची मात्र मी आजवर नीट माफी मागितलेली नाही.

एक्स्टेंशन बोर्डाचा मोहही त्याच वेळी सोडला. कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचतो, आणि तो दिवसभरात अनेकदा सुरू होतो. सैल, स्वस्त बोर्डाचे सांधे अशा ओढीने तापत जातात, आणि तो बोर्ड बहुधा फ्रिजच्या मागेच पडलेला असल्यामुळे वितळेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रिजला भिंतीतले त्याचे स्वतःचे सॉकेट हवे, आणि तेही फ्रिज न सरकवता हात पोहोचेल अशा ठिकाणी.

नवा फ्रिज टेम्पोतून आडवा आणला गेला होता. आणणारी मुले तो लगेच चालू करून दाखवायला निघाली, तेव्हा मी त्यांना थांबवले. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असते, आणि फ्रिज आडवा झाला की ते नळ्यांमध्ये शिरते. ते परत खाली उतरायच्या आत यंत्र चालू केले, तर कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. उभा आणलेला फ्रिज काही तास आणि आडवा आणलेला शक्यतो पूर्ण दिवस तसाच उभा ठेवावा. आम्ही चोवीस तास थांबलो आणि त्या दिवशीचे दूध शेजारच्या काकूंकडे ठेवले.

नव्या फ्रिजला मागे जाळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही बाजू हाताला चांगल्याच गरम लागल्या आणि घरात घबराट झाली. हल्लीच्या अनेक फ्रिजमध्ये उष्णता टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत बसवलेल्या असतात, त्यामुळे बाजू कोमट किंवा गरम लागणे हे बिघाडाचे लक्षण नसून काम चालू असल्याचे लक्षण आहे. अर्थात, म्हणूनच अशा फ्रिजला कपाट आणि भिंत यांच्या फटीत घट्ट कोंबता येत नाही. माहितीपुस्तिकेत प्रत्येक बाजूला किती जागा सोडायची ते दिलेले असते. आम्ही बाजूंना चार बोटे आणि मागे त्याहून थोडी अधिक जागा सोडली, त्यासाठी मसाल्यांची मांडणी हलवावी लागली. पुढचे पाय किंचित उंच केले, म्हणजे अर्धवट उघडे राहिलेले दार आपल्या वजनाने मिटते.

पाठीवरच्या एका छोट्या खुणेकडेही लक्ष द्यावे: पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचे चित्र. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आतली उष्णता बाहेर वाहून नेण्यासाठी आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा वायू असतो. ओझोनच्या थराला त्याचा धक्का लागत नाही, पण तो ज्वलनशील आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. घरगुती फ्रिजमध्ये तो साधारणपणे शंभर ग्रॅमहूनही कमी असतो, आणि शेजारच्या शेगडीच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो. तरीही गळती झाली आणि तो बंद जागेत साठला, तर एक ठिणगी पुरते. त्यामुळे दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळते. फ्रिजच्या आत विजेवर चालणारे कोणतेही उपकरण ठेवायचे नाही, आणि गॅस भरायला आलेल्या मेकॅनिकला आधी ती खूण दाखवून कोणता गॅस भरणार हे विचारायचे. एका वायूसाठी घडवलेल्या कॉम्प्रेसरमध्ये दुसराच वायू भरून देणारे आणि भरलेल्या नळीजवळ बिनदिक्कत ज्योत पेटवणारे लोक आहेत.

गळती होते कशी, हे मी स्वतः पाहिले आहे. जुन्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झाला होता, पाहुणे यायचे होते, आणि मी सुरीच्या टोकाने बर्फ फोडत होते. एका घावानंतर 'फुस्स' असा बारीक, लांबत जाणारा आवाज आला. फ्रीझरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातच वायूच्या वाटा असतात, आणि त्यातली एक मी फोडली होती. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात, शेगडी बंद करावी आणि जवळच्या कोणत्याही स्विचला किंवा प्लगला हात लावू नये. मी त्या वेळी नेमकी स्विचकडेच धावले होते. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंडी कमी-जास्त करण्याच्या चकतीच्या, मधले डिफ्रॉस्टचे बटण दाबून रात्रभर थांबले असते, तर बर्फ आपोआप वितळला असता.

वापरताना आकड्यांचा घोळ पुष्कळ होतो. थर्मोस्टॅटवरचा १ ते ७ हा आकडा अंशांचा नसतो; आकडा जितका मोठा तितकी थंडी अधिक. खरे तापमान पाहायचे असेल, तर पाण्याच्या पेल्यात तापमापक ठेवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर राहू द्यावा. आमचा नवा फ्रिज पहिल्या सकाळी ८ अंश दाखवत होता. तो ४ अंशांवर आणायला दोन दिवस लागले. फ्रीझरमध्ये उणे १८ हवे. उरलेला भात ही आमच्या घरातली सर्वांत दुर्लक्षित जोखीम होती. तो तासन्‌तास ओट्यावर राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यातल्या काहींचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि तासा-दोन तासांत आत ठेवावा. कच्ची मासळी झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे तिचे पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकणार नाही. मागच्या भिंतीला भांडी टेकवू नयेत. नव्या फ्रिजमध्ये तिथे थंड हवेची छिद्रे असतात, आणि जुन्यात त्या भिंतीला चिकटलेली कोथिंबीर सकाळी काचेसारखी कडकडत असे. वीज गेली, तर दार उघडून पाहण्याची उत्सुकता आवरावी. बंद फ्रिज साधारण ४ तास आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडी धरून ठेवतो.

पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरी येतात आणि कुंड्यांइतकेच लक्ष देऊन फ्रिजमागचा ट्रे तपासतात, हे मला पूर्वी अतिरेकी वाटे. कॉम्प्रेसरच्या वर बसवलेल्या त्या ट्रेमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी उतरते, आणि दमट हवेत ते आटत नाही. आमच्या जुन्या ट्रेमध्ये बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. ट्रे आठवड्यातून एकदा घासावा लागतो. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचू लागले, तर मागे पाणी वाहून जाण्याचे छिद्र तुंबले आहे असे समजावे. आमच्याकडे ते मटारच्या एका दाण्याने तुंबले होते.

जुना फ्रिज न्यायला ई-कचरा गोळा करणारे आले, तेव्हा त्याचे दार मी आधीच बिजागरीचे स्क्रू काढून वेगळे केले होते. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून लागणारी खिट्टी असे, आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता अडकून मुले गुदमरल्यामुळे अमेरिकेत १९५६ साली दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा झाला. आजची चुंबकी दारे आतून ढकलता येतात. पण फ्रिज दाराकडून भिंतीला टेकवून ठेवला, तर चुंबकाचा काय उपयोग? गोळा करणाऱ्यांपैकी एकाने दार हातात घेऊन विचारले, "हे का काढलं?" मी कारण सांगितले. त्याने मान हलवली, दार डोक्यावर घेतले आणि पहिल्यांदा तेच खाली नेले.