झाकणावरची टेप

नंदेसरीहून इचलकरंजीकडे जाणारा माल बडोद्यात आमच्या गोदामात रात्रभर मुक्कामाला असतो. मे महिना, दुपारचे दोन, वर पत्रा. 50 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅन ट्रकमध्ये चढत होते. कापड ब्लीच करायचा हा माल दिसतो पाण्यासारखा, त्यामुळे हमाल त्याला ॲसिडाइतके भीत नाहीत.

कागद चोख होते. यूएन 2014 हा मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, क्लास 5.1 म्हणजे आग भडकवणारा ऑक्सिडायझर, शिवाय 8 चं, म्हणजे दाहक मालाचं लेबल. ड्रायव्हरकडे ट्रेम कार्डही होतं, अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं. सही करता करता सहज एका कॅनला हात टेकवला, तर ढोलकीसारखा ताठ! झाकणावर तपकिरी टेप. शेजारच्यावरही. पूर्ण रांगेवर.

या झाकणांना मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं. पेरॉक्साइडचं आपोआप थोडं थोडं विघटन होत राहतं, त्यातून सुटणाऱ्या प्राणवायूला बाहेर पडायला वाट हवी असते. या ताकदीच्या एका लिटरमधून सुमारे 200 लिटर प्राणवायू निघू शकतो. भर म्हणून कॅनखाली गोणपाट अंथरलेलं. त्यावर हा माल सांडून वाळला, तर काडी न लावताही पेट घेऊ शकतो.

सगळ्यांना खाली उतरवलं. कंपनीला फोन लावला, तर पहिला प्रश्न: "कॅन गरम लागतो का?" नव्हता. गरम असता तर आम्हीही तिथे थांबायचं नव्हतं. चष्मा, हातमोजे चढवून मी एकेक टेप सोडवली. फुगलेल्यातून सुस्कारा निघाला, बराच वेळ. गोणपाट काढलं, भरपूर पाणी मारलं, कॅन उभे करून पुन्हा रचले. ट्रक चार तास उशिरा सुटला. मालकांनी फोनवर काय ऐकवलं ते इथे नको.

टेप लावणारा पोरगा नंदुरबारकडचा, नवीनच. हातमोजे नव्हते, बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. नळाखाली हात धरायला लावून मी आवाज चढवला, "कुणी सांगितलं रे तुला हे?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेब, मागल्या आठवड्यात फरशी ओली झाली तेव्हा तुम्हीच ओरडलात ना, एक थेंब सांडला तर बघ म्हणून."

मी नळ आणखी मोठा सोडला. संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने बोटं दाखवली, रंग परतला होता.