अपिलाची मुदत आणि नकलेमागचा शिक्का

नाशिकच्या मखमलाबाद शिवारातल्या आमच्या बांधाचा दावा खालच्या कोर्टात, म्हणजे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे, आमच्या विरोधात गेला. अतिक्रमण काढून ताबा द्या, असा हुकूमनामा. अण्णा बाहेर येताच म्हणाले, "वर जायचं." वर म्हणजे सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात.

वकीलसाहेबांनी त्याच दिवशी कारकुनाला निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाकायला पाठवलं. मुद्दे, कायदा, सगळं नंतर. जिल्हा न्यायालयात पहिल्या अपिलाला मुदत ३० दिवस (हायकोर्टात ९०) आणि ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून धरतात. नकलेला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतात, पण अर्ज टाकल्यापासून पुढचे. त्याआधी घरी कपाळाला हात लावून बसलात, तर ते तुमच्याच खात्यात.

नक्कल मिळाल्यावर साहेबांनी आधी शेवटचं पान उलटून शिक्का बघितला: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. वजावट मिळते ती नक्कल तयार होईपर्यंतची. तयार होऊन ती नक्कल विभागात पडून राहिली, तर ते दिवस धरले जात नाहीत. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने खुणा करत कारकुनाने शेवटची तारीख काढली. मुदत टळली असती, तर अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला असता आणि उशिराचं सबळ कारण द्यावं लागलं असतं.

अपील दाखल झालं तसे अण्णा निर्धास्त झाले. इथेच माणसं फसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ प्रमाणे नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. समोरच्यांनी तोवर खालच्या कोर्टात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकली होती. बेलिफ, म्हणजे हुकूम बजावणारा कोर्टाचा माणूस, कधीही बांधावर आला असता. स्थगितीचा वेगळा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र. त्यात त्यांनी आधीच कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नका' असा अर्ज, टाकून ठेवलेलं, म्हणून त्यांना कागद देऊन, त्यांचं ऐकूनच स्थगितीचा आदेश झाला. तोही अपिलाचा निकाल लागेपर्यंतच.

मधल्या काळात चुलत्यांच्या पेटीत जुन्या मोजणीचा नकाशा सापडला. अण्णांना वाटलं, आता जिंकलोच. साहेबांचा चेहरा मात्र तसाच. अपिलात नवा पुरावा असा सहज घेत नाहीत. त्याच आदेश ४१ च्या नियम २७ खाली अर्ज करून, तो आधी का आणता आला नाही हे पटवावं लागतं. अर्ज दिलाय. तो अंतिम युक्तिवादाबरोबरच ऐकतील, असं साहेब म्हणतात.