‘तिकडे सगळं फ्री असतं’ : टाइप वन डायबेटीस असलेल्या लेकीला घेऊन पुणे ते लीड्स

प्रवास नीट झाला. मुंबईला सिक्युरिटीत डॉक्टरांचं पत्र दाखवलं, इन्सुलिनची पेनं, सुया, आइसपॅक सगळं दोन मिनिटांत पास. विमानात लेक (वय ८) झोपली, लंडनहून लीड्सची ट्रेन मस्त. एवढंच सांगते की इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं.

मला लिहायचंय ते पोचल्यानंतरच्या १९ दिवसांबद्दल. निघायच्या आधी ज्याला विचारलं त्याने एकच ऐकवलं, "अगं तिकडे सगळं फुकट मिळतं, कशाला बॅगा भरतेस?" मिळतं, १६ वर्षांखालच्या मुलांना औषधाचा एक पैसा पडत नाही हे खरंच आहे. पण पहिल्या दिवसापासून मिळत नाही हे एकानेही सांगितलं नाही. आणि फुकट तरी कसलं हो? व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरला तो मोठ्यांना वर्षाला १०३५ पौंड, मुलांना ७७६. आम्ही तिघं, व्हिसा ३ वर्षांचा, म्हणजे ८५३८ पौंड, आगाऊ आणि एकरकमी. आता कुणी ‘फ्री’ म्हटलं की माझं डोकं सरकतं.

तर इथली साखळी अशी की आधी जीपीकडे (म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायचं, त्याने हॉस्पिटलच्या मुलांच्या डायबेटीस टीमकडे पाठवायचं, टीमने काय काय लागतं ते लिहून द्यायचं, मग जीपी प्रिस्क्रिप्शन काढणार, मग केमिस्ट देणार. आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या केमिस्टकडे चालत नाही, कितीही शिक्के असू देत. आणि आपल्यासारखं ओळखीच्या मेडिकलवाल्याला "काका, एक पेन द्या, चिठ्ठी उद्या आणते" हा प्रकार नाही.

आम्ही पहिल्याच पायरीवर अडकलो. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या पत्त्याचा पुरावा आणा, लाइट बिल वगैरे. आम्ही टेंपररी फ्लॅटमध्ये, कुठलं बिल? मी शहाण्यासारखी परत आले. तीन दिवसांनी कळलं की इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसा काहीच बंधनकारक नाही, एनएचएसचाच (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) नियम आहे. फोनवर तो उघडून दाखवला तेव्हा फॉर्म मिळाला. मग रेफरल, मग वाट बघणं. माझी चूक म्हणजे मी फार गोड बोलले. फॉर्मवर पहिल्याच ओळीत ‘टाइप वन, वय ८, इन्सुलिनवर, स्टॉक अमुक दिवसांचा’ असं ठळक लिहा आणि रोज फोन करा. वाईट दिसेल म्हणून गप्प बसू नका.

इन्सुलिन आमच्याकडे भरपूर होतं, संपत चालल्या होत्या साखर तपासायच्या स्ट्रिप्स. सेन्सर (अंगावर चिकटवलेला, फोनवर साखर दाखवणारा) आहे म्हणून चारच डब्या आणलेल्या, म्हणजे २००. आणि नवऱ्याने हौसेने निघताना जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, नव्यात इथलं अ‍ॅप टाकलं, तर ते भारतातला सेन्सर घेईना. झालं, दिवसाला दहा वेळा बोट टोचा. सोळाव्या दिवशी ४० पौंड मोजून इथलं मीटर आणि स्ट्रिप्स विकत घेतल्या आणि त्याच संध्याकाळी कळलं की औषध संपत आलं असेल तर १११ ला (एनएचएसच्या हेल्पलाइनला) फोन करायचा असतो, ते सोय करून देतात. त्या रात्री मी चिडून जेवले नाही. (उलट्या होत असतील, कीटोन्स (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी आम्लं) वाढले असतील तर १११ वगैरे काही नको, सरळ इमर्जन्सी गाठा.)

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, तीन महिन्यांचं सगळं घेऊन या, स्ट्रिप्स तर जास्तच, आणि जुना फोन विकू नका. तुम्ही वायलवर (बाटलीतलं इन्सुलिन, सिरिंजने घ्यायचं) असाल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून पेनवर या. आपल्याकडच्या बऱ्याच वायल मिलीला ४० युनिटच्या असतात, इथल्या १०० च्या. आपली लाल टोपीची सिरिंज इथल्या इन्सुलिनला वापरली तर डोस अडीच पट जाईल.

इथलं मीटर साखरेचे आकडेही वेगळे दाखवतं. आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. शाळेतून पहिला फोन आला, "शी इज फोर्टीन", माझे पायच लटपटले, मग गुणाकार केला तर २५२, डब्यानंतरची. फ्रिजवर चिकटवून ठेवा: ४ म्हणजे ७२, १० म्हणजे १८०, १४ म्हणजे २५२. ४ च्या खाली गेली की इथे हायपो (साखर फार कमी झाली असं) धरतात.

आणि चालणं! पुण्यात आमची पोरगी स्कूटरवर मागे बसून फिरणारी, इथे शाळा पायी २५ मिनिटं, त्यात चढ. पहिल्या आठवड्यात साखर रोज लो. डोस कमी करावा लागेल हे डॉक्टरांशी आधीच बोलून या. लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची तेही (सप्टेंबरमध्ये साडेचार तासांचा फरक पडतो), आमचं बघून करू नका. साखर लो झाली की हाताला येईल ते कोल्ड्रिंक देऊ नका, २०१८ च्या साखरकरानंतर इथल्या बऱ्याच ड्रिंक्समधली साखर कमी केलीय, बाटलीवरचा आकडा वाचा. ग्लुकोजच्या गोळ्या बऱ्या.

शाळेचं थोडक्यात: २०१४ च्या कायद्याने इथल्या सरकारी शाळांवर आजारी मुलांची व्यवस्था करायची जबाबदारी आहे, पण टोचायला कुठल्या शिक्षिकेवर सक्ती करता येत नाही. हॉस्पिटलच्या नर्सने येऊन दोघी शिक्षिकांना शिकवलं तेव्हा कुठे लेक पूर्ण दिवस बसायला लागली.

टीम भेटल्यावर मात्र काय सांगू, पहिल्याच भेटीत सेन्सर, रक्तातले कीटोन्स बघायचं मीटर, ग्लुकॅगॉनची (साखर फारच खाली गेली तर द्यायच्या इंजेक्शनची) नारिंगी पेटी, डाएटिशियन, सगळं एकदम. डाएटिशियनला भाकरीचे कार्ब्स माहीत नव्हते, ते मी काट्यावर पीठ तोलून दाखवले. इन्सुलिन पंपाच्या यादीतही लेकीचं नाव घातलंय. सुयांसाठी पिवळा डबासुद्धा प्रिस्क्रिप्शनवर मिळाला. त्याआधीच्या १९ दिवसांच्या सुया कपड्यांच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्यात, ती कुठे द्यायची हे विचारायचं दर वेळी राहतंय.