तुम्ही विचारलंत म्हणून : शेवचुकच का?

रशियन संगीताचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही, त्या रशियन रॉक गायक युरी शेवचुक यांचे मला एवढे कौतुक का, आणि गायकाने शांततेची भाषा केली म्हणून युद्ध थोडेच थांबते? थांबत नाही, हे आधीच मान्य करतो. माझ्या कौतुकाचे कारण वेगळे आहे : ते कुणासमोर बोलतात आणि काय पाहून बोलतात.

१८ मे २०२२ रोजी रशियातील उफा शहरात त्यांच्या ‘डीडीटी’ या बँडचा कार्यक्रम होता. (होय, नाव त्याच कीटकनाशकावरून घेतलेले आहे.) शेवचुक या शहरात वाढले आणि १९८०मध्ये बँडही तिथेच सुरू झाला, म्हणजे समोरचे श्रोते घरचेच होते. युक्रेनवरील आक्रमणाला तीन महिने होत आले होते आणि सैन्याची ‘बदनामी’ करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा मार्चमध्येच लागू झाला होता. तरीही त्यांनी विचारले की युक्रेनमध्ये माणसे मारली जात आहेत, आपली मुलेही तिथे मरत आहेत, हे सारे कशासाठी? मातृभूमी म्हणजे सतत चाटत राहावे असे राष्ट्राध्यक्षांचे ढुंगण नव्हे, तर रेल्वे स्टेशनवर बटाटे विकणारी गरीब म्हातारी म्हणजे मातृभूमी, असेही ते म्हणाले. या वाक्याचा पूर्वार्ध शिवराळ आहे आणि माझ्या काही स्नेह्यांना तो खटकतो. मला मात्र उत्तरार्ध विसरता येत नाही, कारण देशप्रेमावरचा सरकारचा मालकी हक्क काढून घेऊन तो त्या म्हातारीच्या हाती देणे भर युद्धात सोपे नसते. कार्यक्रम संपताच पोलीस आले आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ५०,००० रूबल दंड ठोठावला.

हा क्षणिक संताप असता, तर मी टाळी वाजवून पुढे गेलो असतो. पण सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात लढत होते, त्या काळातच शेवचुक यांनी ‘गोळी झाडू नकोस’ हे गाणे लिहिले होते. त्यातला मुलगा आधी बेचकीने चिमण्या-पारवे टिपतो, मग नेमबाजीच्या गाळ्यांवर बक्षिसे जिंकत लोकांची वाहवा मिळवतो आणि युद्धभूमीवर पोचल्यावर तीच नेमबाजी माणसांवर चालवतो. घरी परतल्यावर ‘गोळी झाडू नकोस’ अशी विनवणी करणारा मुलगा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. गाण्यात शत्रूचे नावही नाही, म्हणून ते कुठल्याही युद्धात गाता येते.

जानेवारी १९९५मध्ये, पहिले चेचेन युद्ध पेटलेले असताना, ते स्वतः रशियापासून फुटू पाहणाऱ्या चेचन्यात गेले आणि तिथे रशियन सैनिकांसाठीही गायले, चेचेन नागरिकांसाठीही. युद्धाला विरोध आणि सैनिकाविषयी माया या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मला त्यांच्यामुळे पटले. त्यांना देशद्रोही ठरवणाऱ्यांनी हा प्रवास सोयीस्करपणे विसरायचे ठरवलेले दिसते. पुढे ऑगस्ट २००८मध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध झाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याच गाण्याच्या नावाने सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को येथे कार्यक्रम केले, ज्यांत जॉर्जियन आणि (ज्या प्रदेशावरून ते युद्ध पेटले त्या ओसेतियातले) ओसेतियन कलावंतही होते. २०१०मध्ये पुतिन यांच्यासमोर बसून त्यांनी वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि निदर्शकांवरील पोलिसी दडपशाही यांविषयी प्रश्न विचारले, तेव्हा पुतिन यांनी त्यांचे नाव विचारले. ‘युरा शेवचुक, संगीतकार’ एवढेच उत्तर त्यांनी दिले.

२०२२नंतर आंद्रेई माकारेविच, बोरीस ग्रेबेन्शिकोव्ह यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंतांनी रशिया सोडून परदेशातून युद्धाचा निषेध केला. त्यांची निष्ठा मी कमी लेखत नाही. किंमत त्यांनीही मोजली आणि दोघांवर सरकारने ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारला. पण उफामधील ते बोलणे ज्यांची मुले आघाडीवर पाठवली जात होती त्या लोकांसमोर झाले, आणि माझा कल शेवचुक यांच्याकडे झुकतो तो याच कारणाने.

ऐकायला कुठून सुरुवात करावी, हेही तुम्ही विचारता. ‘गोळी झाडू नकोस’ आधी ऐका आणि शक्य तर नुसत्या गिटारवर गायलेले ऐका. रशियन येत नसले तरी त्यातला नकार कानाला कळतो.