नव्या गाडीतले गढूळ कूलंट

कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणाऱ्या द्रवाला, स्वतःचा असा रंग नसतो. त्यातला मुख्य घटक म्हणजे इथिलीन ग्लायकॉल हा पाण्यासारखाच रंगहीन द्रव आहे. हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी रंग कारखान्यात वरून मिसळला जातो तो गळती चटकन नजरेस पडावी, आणि चवीला गोड पण विषारी असलेला हा द्रव कोणी पाणी समजू नये म्हणून. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचे जगभर लागू असलेले बंधन नाही, त्यामुळे दोन कंपन्यांची गुलाबी कूलंट आतून पूर्णपणे वेगळी असू शकतात. म्हणजे रंगावरून कूलंटचा प्रकार ओळखता येत नाही. मात्र एकाच गाडीतला रंग बदलला, तर त्या बदलाला कारण असते, आणि गाडी नवी असेल तर ते कारण शोधणे अधिक महत्त्वाचे ठरते.

माझ्या गाडीला अजून वर्षही झालेले नाही. बॉनेट उघडून पातळ्या तपासताना कूलंटच्या टाकीतला मूळचा स्वच्छ गुलाबी रंग मातकट झालेला दिसला. पातळी दोन खुणांच्या मध्ये, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, चालवताना कसलीही तक्रार नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवल्यावर उत्तर मिळाले की काळजीचे कारण नाही, जुने काढून नवे भरून देऊ. या तत्परतेला माझा आक्षेप होता आणि अजूनही आहे. जुन्या गाडीत कूलंट बदलणे हा उपाय असू शकतो, कारण त्यातली गंजरोधक द्रव्ये काळानुसार संपतात, ग्लायकॉलचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात आणि मग धातू खाल्ला जाऊ लागतो. पण सेंद्रिय आम्लांपासून बनवलेली गंजरोधक द्रव्ये असलेली आजची कूलंट साधारणपणे 5 वर्षे किंवा त्याहून अधिक टिकावीत अशी बनवलेली असतात. काही महिन्यांत त्यांचा रंग बिघडला, तर वय हे कारण बाद होते आणि उरते एकच शक्यता, ती म्हणजे त्यात काहीतरी मिसळले आहे. काय मिसळले, हे कळण्याआधी ते सांडून टाकले की एकमेव पुरावा गटारात जातो.

नव्या इंजिनात मिसळण्यासारखे काय असते? इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) ओतीव असतात. आतले पाण्याचे मार्ग तयार करण्यासाठी साच्यात वाळूचे गाभे बसवतात आणि नंतर ती वाळू काढून टाकतात. ती शेवटच्या कणापर्यंत निघतेच असे नाही. ब्लॉक बिडाचा असेल तर यंत्रकाम, धुलाई आणि कूलंट भरणे यांच्या मधल्या काळात ओल्या पृष्ठभागावर गंजाचा पातळ थर येऊ शकतो, जो पुढे सुटून द्रवात फिरत राहतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचे सांधे भट्टीत जोडताना जो फ्लक्स (धातू नीट जुळावा म्हणून लावलेले रसायन) वापरतात, त्याचे अवशेषही हळूहळू विरघळतात, आणि सिलिकेट असलेल्या कूलंटमध्ये त्यांच्यामुळे जेलीसारखा गाळ बसू शकतो. जुळणीच्या वेळी सांध्यांना लावलेल्या वंगणाचा किंचित तवंगही दिसू शकतो. यांतली बहुतेक कारणे नीट धुतल्यावर मिटणारी आहेत, पण धुतलेच नाही तर बारीक कण पाण्याच्या पंपाचे सील घासतात आणि हीटरच्या अरुंद नळ्यांत साठतात.

दुसरी शक्यता कारखान्याबाहेरची. गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्यापूर्वी पातळी कमी दिसली म्हणून कोणी हाताशी असलेले वेगळ्या रंगाचे कूलंट ओतले, तर गुलाबी आणि हिरवा मिळून तपकिरीच होतो. हा तपकिरी रंग पाहून गंज चढला असे ठरवणारे मेकॅनिक कमी नाहीत. साधे पाणी ओतले असेल तर रंग फिका होतो, आणि पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम फॉस्फेटयुक्त कूलंटशी संयोग पावून पांढुरका साका धरते.

तिसरी शक्यता सर्वांत गंभीर, आणि नव्या गाडीत क्वचित आढळत असली तरी वगळता न येणारी. ऑइल कूलरमध्ये तेल आणि कूलंट पातळ धातूच्या दोन बाजूंनी वाहतात. तिथे दोष असेल, तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब अधिक असल्याने तेल कूलंटमध्ये शिरते, आणि इंजिन बंद झाल्यावर कूलंटमध्ये उरलेल्या दाबामुळे उलट प्रवासही होऊ शकतो. अशा वेळी टाकीत दुधाळ, घट्टसर मिश्रण दिसते. म्हणून कूलंट गढूळ दिसल्यास तेलाची डिपस्टिक (पातळी पाहण्याची पट्टी) आणि तेल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहणे आलेच. ज्या स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत गिअरबॉक्सचे तेलही रेडिएटरमधूनच थंड केले जाते, तिथे हीच गळती गिअरबॉक्सच्या घर्षणपट्ट्या निकामी करते. दुधाळ रंग दिसला तर गाडी चालवत नेऊ नये, उचलून न्यावी. ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील, म्हणजे हेड गॅस्केट, फुटून ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचा संशय असेल तर टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करतात. टाकीतल्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर तो द्रव पिवळा पडतो.

या शक्यता वेगळ्या करण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतून थोडे कूलंट स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून रात्रभर न हलवता एका कोपऱ्यात स्थिर ठेवावे. तळाशी गाळ बसून वरचा द्रव मूळ रंगात स्वच्छ दिसला, तर तो गंज किंवा वाळू. काहीच खाली बसले नाही आणि द्रव पारदर्शक पण तपकिरी राहिला, तर दोन रंगांची भेसळ अधिक संभवते. वर तेलाचे डोळे तरंगले किंवा सगळेच दुधाळ राहिले, तर गळतीचा तपास. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखाली 100 अंश सेल्सिअसच्या वर असलेला द्रव झाकण सैल होताच उकळून अंगावर येतो.

थेट टाकीकडे पाहून निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे. काही गाड्यांत ही टाकी दाबाखाली असते आणि कूलंट तिच्यातून सतत फिरते. काहींत ती केवळ जादा द्रव साठवण्यासाठी असते, त्यामुळे तिथला रंग आणि इंजिनातला रंग वेगळा असू शकतो. शिवाय पांढरे प्लास्टिक स्वतःच पिवळे पडते. रिफ्रॅक्टोमीटरबद्दलही गैरसमज दिसतो. ते ग्लायकॉलचे प्रमाण सांगते (निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असलेले मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही), पण गंजरोधक द्रव्ये शिल्लक आहेत की नाहीत, याविषयी ते काहीच बोलत नाही. प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघाले तर कोणीतरी पाणी ओतले आहे, एवढे मात्र त्यावरून धरता येते.

माझ्या नमुन्यात विटकरी गाळ खाली बसला आणि वर गुलाबी द्रव स्वच्छ राहिला. तेलाचा मागमूस नव्हता, डिपस्टिक स्वच्छ होती. हे पाहिल्यावरच मी धुलाईला संमती दिली, आणि तीही काही अटींवर. रेडिएटरचे खालचे बूच उघडून जे बाहेर पडते ते एकूण कूलंटचा एक भाग असते. ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरेच उरते. त्यामुळे एकदा काढून भरल्यास गढूळपणा फक्त पातळ होतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दिसू लागतो. खनिजरहित पाणी भरायचे, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग उघडणारी झडप) उघडेपर्यंत हीटर चालू ठेवून इंजिन तापवायचे, थंड होऊ द्यायचे, काढायचे, आणि निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचे, असा तो क्रम आहे. शेवटी आत धुण्याचे पाणी अडकलेले असतेच; त्यावर आधीच पाणी घातलेले तयार मिश्रण ओतले तर ग्लायकॉलचे प्रमाण घसरते, म्हणून आधी मोजून संहत (पाणी न मिसळलेले) कूलंट भरावे आणि उरलेली जागा खनिजरहित पाण्याने भरावी. सर्व्हिस सेंटर या मुद्द्यावर कुरकुरले, कारण त्यांच्याकडे तयार मिश्रणाचेच डबे होते. रिफ्रॅक्टोमीटरचे माप दाखवून मगच गाडी ताब्यात द्यावी, असे ठरल्यावर संहत कूलंट मागवले गेले. भरल्यानंतर हवा पूर्ण बाहेर काढणेही तितकेच आवश्यक असते, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हवेचा फुगा अडकला तर तेवढीच जागा प्रमाणाबाहेर तापते.

वॉरंटीच्या दृष्टीने कामाच्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या: मूळ रंग व आढळलेला रंग, पातळी घटली नसल्याची नोंद, भरलेल्या कूलंटचा मानक क्रमांक आणि धुलाई नेमकी कशी केली. त्यावेळचे किलोमीटर आणि टाकीची छायाचित्रे सोबत आहेत. पुढच्या काही महिन्यांत रंग पुन्हा मातकट झाला पण पातळी स्थिर राहिली, तर आणखी एक धुलाई मान्य करेन. पातळीही खाली जाऊ लागली, तर मात्र धुलाईची भाषा ऐकून न घेता दाब देऊन गळतीची तपासणी आणि ज्वलनवायूची चाचणी मागेन. काढलेल्या नमुन्यांपैकी एक सर्व्हिस सेंटरकडे आहे आणि दुसरा घट्ट बूच लावून, वर नाव व तारीख लिहून, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर कुलपात ठेवला आहे. वॉरंटीची मुदत संपल्यावर तो जमिनीवर न ओतता वर्कशॉपच्या टाकाऊ द्रवांत जमा करायचा आहे.