तवांगच्या वाटेवरची ती खिडकी

अरुणाचलातल्या तवांगला जायचं असेल तर आधी परमिट हातात घ्या, मग विमानाचं तिकीट काढा. भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय, कारण गुवाहाटीतल्या त्या कार्यालयाचा राग अजून गेलेला नाही.

आसाम-मेघालय फिरायला काही लागत नाही. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला मात्र इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना आत जायची सरकारी परवानगी, लागतं. मूळ नियम १८७३ चा, इंग्रजांनी स्वतःच्या व्यापारासाठी केलेला. आज तोच तिथल्या लोकांना आपली जमीन, आपली वस्ती राखायला उपयोगी पडतो. एकट्या अरुणाचलात सव्वीस मुख्य जमाती आहेत, काही अगदी मोजक्या माणसांच्या. त्यांनी दारात चौकशी केली तर त्यात गैर काय? माझी तक्रार आहे ती कारण न सांगता ताटकळत ठेवण्याबद्दल.

अर्ज आम्ही पुण्याहूनच ऑनलाइन भरले होते. माझं आणि नवऱ्याचं परमिट आलं, सासूबाईंचा अर्ज ‘पेंडिंग’. गुवाहाटीत उतरलो तरी पेंडिंगच. कार्यालयात गेलो तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “सिस्टम में दिख नहीं रहा, बैठिए.” बसलो. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी पुन्हा उघडली, आमच्या मागून आलेले लोक कागद घेऊन निघूनही गेले. अखेर मीच पुन्हा उठून विचारलं, तेव्हा अडचण कळली. सासूबाईंच्या मतदार कार्डावर आडनाव आधी, मग त्यांचं नाव, मग सासऱ्यांचं. अर्जात रकान्यांप्रमाणे आडनाव शेवटी. कार्डावर पेनाचं टोक टेकवून त्यांनी विचारलं, “ये बीच में किसका नाम है?” आमच्याकडे नवऱ्याचं नाव लावतात, हे परोपरीने सांगितलं. “दो अलग नाम हैं, कल आइए.”

सासूबाई सत्तरी उलटलेल्या. बासष्टच्या लढाईच्या बातम्या त्यांनी लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या, तवांग आणि सेला ही नावं तेव्हापासून त्यांच्या मनात. बाकावर बसल्या बसल्या त्या हळूच म्हणाल्या, “मी इथेच थांबते गं, तुम्ही दोघं जाऊन या.” माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्यांनीच मागे राहायचं?

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आत दारात हजर झाले आणि आतल्या साहेबांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. साहेबांनी मतदार कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवली, फोटो पाहिला, सासूबाईंकडे पाहिलं, सही केली. पाच मिनिटांचं काम!

म्हणून सांगते, अर्जातलं नाव कार्डावर ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने येतंय का ते नीट पाहा. दुसरं ओळखपत्रही जवळ असू द्या. खिडकीवर वाद घालू नका, सरळ वरच्यांना भेटा.

अरुणाचलच्या वेशीवर, भालुकपाँगच्या गेटवर पोलिसाने तिन्ही परमिटं बघून हसून सोडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढे रूपाच्या बाजूला शेरदुकपेन, दिरांगपासून मोनपा जमातीची वस्ती. घाट चढावा तशी भाषा, घरं, टोप्या बदलत जातात. तवांगच्या मठाबाहेर याकच्या केसांची, गोंडे लोंबणारी टोपी घातलेल्या एका मोनपा आजींनी सासूबाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी गप्पा चालूच. सेलाची खिंड १३,७०० फुटांवर आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या बोगद्यातून जा, आणि दिरांगला मुक्काम कराच.

हो, चीनच्या सीमेवरच्या बुमला खिंडीसाठी तवांगमध्ये वेगळी परवानगी काढावी लागते, त्यामुळे इनर लाइन परमिटच्या झेरॉक्स गुवाहाटीतच काढून ठेवा. आणि परमिटची मुदत सहलीपेक्षा दोन-चार दिवस जास्तच मागा. दरड कोसळली किंवा बर्फ पडलं की रस्ता बंद होतो, आणि तारीख उलटली तर पुन्हा कुठल्यातरी खिडकीपुढे उभं राहणं आलं.